बंदीचे एकसष्ट दिवस

“मॅडम, झिलाक आठवड्यात किती येळा हाडूचा?”

मालवण किनाऱ्यावरची आई स्पीच थेरपिस्टसमोर बसली की पहिला प्रश्न हाच येतो. मुलाला नेमकं काय झालंय, तो नीट बोलेल का, हे प्रश्न तिच्या पोटात असतात, पण ओठांवर यायला वेळ घेतात. हा प्रश्न मात्र ती सकाळी एसटीत बसल्यापासून घोळवत आलेली असते. देवबागहून किंवा तळाशीलहून निघायचं, मालवण स्टँडवर गाडी बदलायची, ओरोसला नाहीतर कुडाळला उतरायचं, अर्धा तास थेरपी, मग परतीची गाडी धरायची. अर्ध्या तासासाठी अख्खा दिवस मोडतो. २०२३ पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं आहे, त्याने थोडा भार हलका होतो. पण त्या दिवशी जाळ्यातली मासळी कोण सोडवणार, सासूबाईंना गोळ्या कोण देणार, धाकटीला कोण सांभाळणार, हे प्रश्न तसेच राहतात.

तिला उत्तर मिळतं, “आठवड्यातून दोनदा आणा.” पहिले दोन-तीन आठवडे ती खरंच आणते. मग एक खाडा पडतो, मग दुसरा. मग महिन्यातून एकदा, मग ‘चतुर्थी झाली की बघू’. आणि मूल सुधारलं नाही याचा दोष ती स्वतःच्या माथी घेते. मला हे फार लागतं. तिला मिळालेलं उत्तरच अर्धवट होतं. आठवड्यातून किती वेळा, हा हिशेबातला एक आकडा झाला. बाकीचे आकडे तिला कुणी सांगितलेच नाहीत. ते इथे मांडायचे आहेत, आणि मालवणच्या वर्षात ते कुठे बसतात तेही बघायचं आहे.

औषधाची चिठ्ठी आठवून बघा. ‘हे औषध दोनदा घ्या’ एवढंच लिहून कुणी डॉक्टर थांबत नाही. गोळी किती मिलिग्रॅमची, दिवसातून कितीदा, किती दिवस, हे सगळं चिठ्ठीवर असतं. २००७ साली स्टीव्हन वॉरन, मार्क फे आणि पॉल योडर या अमेरिकी अभ्यासकांनी वाचा-उपचारालाही अशीच चिठ्ठी हवी असं मांडलं. एका बैठकीत मूल नेमकी हवी ती गोष्ट किती वेळा करतं, ही झाली मात्रा. आठवड्यात अशा बैठका किती, ही झाली वारंवारता. आणि हे किती आठवडे चाललं, हा झाला कालावधी. तिन्हींचा गुणाकार केला की मुलाच्या पदरात पडलेला एकूण उपचार निघतो. आपण इतकी वर्षं मधला एकच आकडा विचारत आलो.

आता हे एका मुलावर लावून बघू. समजा, देवबागच्या एका घरात साडेचार वर्षांचा मुलगा आहे. त्याला आपण बाबल्या म्हणू. बाबल्याला ऐकू नीट येतं, सांगितलेलं सगळं कळतं, बडबडही भरपूर. पण ‘क’च्या जागी तो ‘त’ म्हणतो आणि ‘ग’च्या जागी ‘द’. कुर्ली ‘तुर्ली’, काका ‘ताता’, गजाल ‘दजाल’. घरच्यांना त्याचं सगळं समजतं, अंगणवाडीतल्या बाईंना निम्मं, घरी उतरलेल्या पर्यटकांना काहीच नाही. आजी म्हणते, “बापूसय तेचो उशिराच बोललो.” कुणी जिभेला वेखंड उगाळून लावायला सांगतं, कुणी पोपटाने उष्टावलेला पेरू भरवायला. ही माणसं मुलावर माया करणारी असतात, त्यांना तोडून बोलू नये. पण बाबल्याची जीभ जड नाही. ‘त’ म्हणताना जिभेचं टोक पुढे दातांना लागतं, ‘क’ म्हणताना जिभेचा मागचा भाग टाळूला लागतो. बाबल्याच्या मेंदूने हे दोन आवाज एकाच खणात ठेवले आहेत. वयाने लहान मुलं असं करतातच, पण साडेचार वर्षांपर्यंत ते सुटायला हवं होतं. २०१८ साली शॅरिन मॅक्लाऊड आणि कॅथरीन क्रो यांनी २७ भाषांमधल्या मुलांचे अभ्यास एकत्र केले, तेव्हा पाच वर्षांची मुलं ९० टक्क्यांहून जास्त व्यंजनं बरोबर म्हणतात असं दिसलं. ‘र’सारखा अवघड आवाज मागे राहिला तर थोडं थांबता येतं. ‘क’साठी थांबू नये.

थेरपिस्ट त्याला खाली उताणा झोपवते. जीभ आपोआप मागे सरकते आणि पहिल्यांदा घशाजवळून एक खरखरीत ‘क’ निघतो. मग दोन चित्रं समोर येतात. एकात सुरणाचे काप, दुसऱ्यात तापाने फणफणलेलं मूल, कपाळावर ओली पट्टी. बाबल्याला काप हवेत. तो म्हणतो, “ताप.” थेरपिस्ट मुकाट्याने आजारी मुलाचं चित्र पुढे करते. बाबल्या चित्राकडे बघतो, तिच्याकडे बघतो. पुन्हा म्हणतो, “ताप!” पुन्हा तेच चित्र हातात. त्याच्या कपाळावर एक आठी पडते, आणि त्या आठीत सगळा उपचार आहे. आपण एक म्हणतो आणि समोरच्याला दुसरं ऐकू जातं, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळलेलं असतं. तिसऱ्या वेळी तो थांबतो, मान मागे टाकतो आणि जोर लावून म्हणतो, “क्क... काप.” मिळाले काप. असेच ‘कार’ आणि ‘तार’, ‘कळ’ आणि ‘तळ’.

असे प्रयत्न एका बैठकीत किती व्हायला हवेत? लिन विल्यम्स यांनी २०१२ साली उच्चारदोषांवरच्या अशा उपचारांचा आढावा घेतला. त्यांचा निष्कर्ष असा : बैठकीत किमान ५० प्रयत्न, आणि अशा सुमारे ३० बैठका. दोष तीव्र असेल तर ७० प्रयत्न आणि सुमारे ४० बैठका. म्हणजे १,५०० ते २,८०० वेळा त्या तोंडाने तो आवाज काढण्याचा प्रयत्न करायला हवा. हा आकडा मनात ठेवून थेरपीच्या खोलीत डोकावलं की बरंच काही दिसतं. अर्ध्या तासात गोष्ट झाली, खेळणी झाली, स्टिकर लावून झाला, मूल हसतखेळत बाहेर आलं, पण ‘क’ पंधरा वेळाच म्हणालं, तर १,५०० प्रयत्नांना १०० बैठका लागतील. महिन्यातून एकदा येणाऱ्या मुलाची आठ वर्षं जातील. आणि बैठकीत पुरेपूर ५० प्रयत्न झाले तरी महिन्यातून एकदा येणाऱ्याच्या वाट्याला वर्षाला ६०० येतात. म्हणून मी स्पष्टच लिहितो : घरी काही सराव न देता महिन्यातून एकदा बोलावणं ही थेरपी नव्हे, ती तपासणी झाली. पालकांनी निःसंकोच मोजावं. खिशात ५० चिंचोके न्यावेत आणि प्रत्येक प्रयत्नाला एक वाटीत टाकावा. चांगल्या थेरपिस्टला याचा राग येत नाही. तिच्याकडे स्वतःचीच वाटी असते.

आता वारंवारता. समजा २४ बैठकाच परवडणार आहेत. त्या आठवड्याला एक अशा २४ आठवडे घ्याव्यात की आठवड्याला तीन अशा आठ आठवड्यांत संपवाव्यात? खर्च तोच, प्रयत्न तेवढेच. २०१३ साली मेलिसा ॲलन यांनी अमेरिकेत शाळेत जाण्याआधीच्या वयाच्या ५४ मुलांवर हेच तपासलं. काहींना आठवड्यातून तीनदा, आठ आठवडे. काहींना आठवड्यातून एकदा, २४ आठवडे. बैठक दोन्हीकडे अर्ध्या तासाची. तिसऱ्या गटाला फक्त गोष्टी वाचून दाखवल्या. आठवड्यातून तीनदा येणारी मुलं पुढे गेली. आठ आठवड्यांनंतर ती पुढे असणारच, कारण तोवर त्यांच्या २४ बैठका झालेल्या आणि दुसऱ्यांच्या आठ. पण सगळ्यांच्या २४ पुऱ्या झाल्यावर ताडून पाहिलं, तरी तीनदावाल्यांचीच सुधारणा जास्त निघाली.

याचं कारण बाबल्याच्या दिवसात दिसतं. बुधवारी त्याने ५० वेळा ‘क’ म्हटला. पुढच्या बुधवारपर्यंत तो घरभर, वाळूत, अंगणवाडीत शेकडो वेळा जुना ‘त’च म्हणत फिरतो. नवी पायवाट पडायच्या आत तिच्यावर गवत उगवतं. सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी तीच वाट तुडवली तर ती मळते. दशावतारी नटाला हे सांगावं लागत नाही. जत्रांच्या हंगामात रात्रीमागून रात्र रंगमंचावर उभं राहणाऱ्याची जीभ संवादाला कशी वळते आणि पावसाळा संपवून पहिल्या नाटकाला उभं राहताना ती किती कोरडी पडते, हे त्याला ठाऊक असतं.

आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा. हा आकडा वाचला तेव्हा माझ्या मनात कॅलेंडरची दोन पानं उभी राहिली. १ जून ते ३१ जुलै. यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारी बंद. जूनचे ३० आणि जुलैचे ३१, म्हणजे ६१ दिवस, आठ आठवडे आणि वर पाच दिवस.

परदेशातल्या पुस्तकांत अशा दाट थेरपीसाठी उन्हाळ्याची सुट्टी सुचवलेली असते, आणि आपल्याकडेही तोच सल्ला जसाच्या तसा दिला जातो. मालवणात मे महिन्यात हे करून बघा! चाकरमानी आलेले, घरातली खोली पर्यटकांना दिलेली, आई चुलीपुढून हलत नाही, बाप पहाटे समुद्रात आणि दुपारी पाहुण्यांना तारकर्लीला घेऊन, घरात आंबे-फणस-काजूचा पसारा. मूल कुणाच्या हाती लागत नाही. किनाऱ्याची खरी सुट्टी पावसात असते. मेअखेर जलक्रीडा बंद होतात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या थांबतात, नौका किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारल्या जातात. बाप पडवीत जाळी दुरुस्त करत बसतो. आईच्या मागचं पाहुण्यांचं रांधप सुटतं. वर्षभर मुलाला न मिळालेली दोन माणसं एकाच वेळी घरात असतात. तेव्हा दाट थेरपीचा हंगाम ठरवायचा तर मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या मच्छीमार घरांसाठी तो जून-जुलै आहे, असं माझं ठाम मत झालं आहे.

अडचणी आहेतच. बंदीत घरात रोकड नसते, आणि जिथे फी असते तिथे ती आधी बाजूला काढून ठेवावी लागते. धुवांधार पावसात एसटी रद्द होते, वीज जाते, मोबाइलची रेंज तर देवबागसारख्या खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर वाऱ्याबरोबर येते-जाते. शेती असलेल्या घरात लावणीचे दिवस यातच येतात. पण आठवड्यातल्या तिन्ही बैठका प्रत्यक्षच हव्यात असं नाही. एक प्रत्यक्ष, एक व्हिडिओ कॉलवर आणि एक आईने घेतलेली, तीही थेरपिस्टने समोर बसून तिच्याकडून करून घेतल्यावर, अशी मांडणी करता येते. रेंज गेली तर साधा फोन स्पीकरवर ठेवला तरी थेरपिस्टला ‘क’ आणि ‘त’ कळतो. आणि शेजारच्या वाडीत असंच आणखी एक मूल असेल तर दोन आयांनी एका रिक्षात मिळून जावं. सोबतच्या मुलाचा बरोबर आलेला उच्चार ऐकणं हाही सराव असतो.

मुंबईला नेणारी घरंही आहेत. गिरगावात, परळला, आता डोंबिवली-विरारला कुणी ना कुणी असतंच. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाचा व श्रवण संस्था १९८३ पासून आहे. नायर रुग्णालयाशी जोडलेल्या टोपीवाला नॅशनल मेडिकल कॉलेजात तर १९६० च्या दशकात या विषयाचा देशातला पहिला अभ्यासक्रम सुरू झाला. टोपीवाला हे नाव मालवणकर रोज हायस्कूलच्या पाटीवर वाचतात. मुंबईला एकदा दाखवून कागद घेऊन परत येण्यापेक्षा, गेलातच तर तीन आठवडे मुक्काम करा आणि रोज थेरपी मागा. याला आधार आहे. मेक्सिकोत पामप्लोना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुभंगलेल्या टाळूची शस्त्रक्रिया झालेल्या मुलांसाठी तीन आठवड्यांचं शिबिर घेतलं, आठवड्यातले पाच दिवस, रोज चार तास. त्यांची तुलना केली वर्षभर आठवड्यातून दोनदा एकेक तास येणाऱ्या मुलांशी. २००५ साली निकाल छापला गेला : दोन्ही गटांची प्रगती सारखीच. ज्याला वर्षभर ये-जा जमणार नाही अशा दूरच्या मुलाचे तीन आठवडे वर्षाच्या तोलाचे ठरू शकतात.

इथवर बाबल्यासारख्या मुलाचं झालं. सगळी मुलं बाबल्या नसतात, आणि आकडा रोगनिदानाप्रमाणे बदलतो.

सर्वांत आधी कान. बोलायला उशीर झालेल्या कुठल्याही मुलाची श्रवणचाचणी झाल्याशिवाय थेरपीचं वेळापत्रक ठरवू नये. ज्याला ऐकूच येत नाही त्याच्यासमोर ५० वेळा ‘काप’ म्हणून उपयोग नाही. सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली महाराष्ट्रातूनच, पालघरहून, देशभर सुरू झाला. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी ठरलेली आहे. पथकातले डॉक्टर अंगणवाडीत येतील त्या दिवशी आईने तिथे हजर राहावं आणि स्वतःहून सांगावं, ‘ह्याचा बोलणा कळना नाय.’ रांगेतल्या तीस मुलांत गप्प बसलेलं मूल पथकाला शहाणं वाटू शकतं. तिथून पुढे जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवण्याची सोय याच कार्यक्रमात आहे, आणि ही सेवा मोफत आहे.

दुसरं, वाचेचा ॲप्रॅक्सिया. यात मुलाला शब्द माहीत असतो, स्नायूंत ताकद असते, पण ओठ-जीभ-टाळूच्या हालचाली ओळीने लावण्याचा मेंदूचा आराखडा चुकतो. एकच शब्द ते तीनदा म्हणेल तर तीन तऱ्हांनी. अशा मुलाला आठवड्यातून एकदा बोलावणं म्हणजे त्याचा काळ फुकट घालवणं. अमेरिकेतल्या वाचा-श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेने २००७ साली अशा मुलांसाठी आठवड्याला तीन ते पाच वैयक्तिक बैठकांची गरज नोंदवली. ऑस्ट्रेलियात मरे, मकेब आणि बॅलर्ड यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत २६ मुलांना आठवड्यातून चार दिवस, तीन आठवडे, असे १२ तास दिले आणि मुलं सुधारली. त्याच गटातल्या अभ्यासकांनी हे १२ तास आठवड्यातून दोनदा असे सहा आठवड्यांत वाटूनही पाहिले. फायदा तेव्हाही झाला. म्हणजे चार दिवस अशक्य असतील तर दोन दिवसांनी सुरुवात करावी, पण त्याहून विरळ करू नये. आणि हे घरच्या भरवशावर सोडायचं काम नाही. चुकीची हालचाल घोटली गेली तर ती उपटणं अवघड जातं.

तिसरं, तोतरेपणा. इथे चित्र अगदी उलटं. सहा वर्षांखालच्या, अडखळत बोलणाऱ्या मुलाला थेरपिस्टकडे आठवड्यातून एकदाच न्यायचं, पण घरी रोज काम करायचं. सिडनीच्या लिडकम उपनगरावरून नाव पडलेल्या पद्धतीत आई किंवा बाप रोज दहा-पंधरा मिनिटं मुलाशी ठरवून बोलतो. मूल सलग बोललं की त्याला ते सांगतो, कौतुक करतो, आणि मोजक्याच वेळी अडखळलेला शब्द हळूच पुन्हा म्हणायला सांगतो. न्यूझीलंडमध्ये ५४ मुलांवर झालेल्या चाचणीत नऊ महिन्यांनंतर या मुलांचं अडखळणं १०० अक्षरांमागे दीडवर आलं, उपचार न मिळालेल्यांचं चारच्या जवळ राहिलं. त्या दुसऱ्या गटातही अडखळणं कमी झालं होतं, हे लक्षात घ्यावं, कारण लहान वयात काही मुलांचं ते आपोआप जातं. २०१६ साली हीच पद्धत वेबकॅमवरून तपासली गेली आणि ती प्रत्यक्ष भेटीपेक्षा कमी पडली नाही. मालवणच्या आईला आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल हे उत्तर इथे खरोखर पुरतं. बोलताना त्याला ‘सावकाश बोल’ म्हणून टोकणं आणि पाहुण्यांपुढे कविता म्हणायला लावणं मात्र आजपासून बंद करावं.

दोन वर्षांच्या, जेमतेम चार शब्द बोलणाऱ्या मुलासाठी बैठका मुलाच्या नव्हे, आईबापाच्या असाव्यात. आणि जिथे बौद्धिक वाढच मंद आहे तिथे जास्त बैठका म्हणजे जास्त फायदा, हेही धरून चालू नये. फे, योडर आणि वॉरन यांनीच २०१३ साली अशा ६४ लहान मुलांवर नऊ महिने प्रयोग केला. काहींना आठवड्याला एक तास, काहींना पाच. एकंदरीत फरक दिसला नाही. ज्या मुलांना वेगवेगळ्या वस्तूंशी खेळण्यात रस होता, तीच पाच तासांच्या गटात जास्त शब्द शिकली. तेव्हा घर गहाण टाकून रोजची थेरपी लावण्याआधी मूल वस्तू हातात घेऊन खेळतंय का, तिकडे बघावं.

आता घर. घरी घेतलेला सराव खरा धरायचा का, असा प्रश्न पालक विचारतात, कधी थेरपिस्टही. २००३ साली जेम्स लॉ, झो गॅरेट आणि चॅड नाय यांनी जगभरातल्या चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. प्रशिक्षण मिळालेले पालक आणि तज्ज्ञ यांच्या हातून झालेल्या उपचारांच्या परिणामात त्यांना लक्षणीय फरक आढळला नाही. ‘प्रशिक्षण मिळालेले’ हे शब्द महत्त्वाचे. आईला कागदावर ‘क चा सराव करा’ लिहून देणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. तिने थेरपिस्टसमोर मुलाकडून करून घ्यावं, चुकावं, पुन्हा करावं, तेव्हा ते प्रशिक्षण.

पडवीत बाप जाळं दुरुस्त करत बसला आहे. बाहेर पाऊस. बाबल्या मांडीला मांडी लावून शेजारी, पुढ्यात बिस्किटांच्या डब्यात चित्रं. ठरलंय असं की बाप एक गाठ मारणार, बाबल्या एक शब्द म्हणणार. कुर्ली, गाठ. कोंबो, गाठ. कावळो, गाठ. “तोयतो”, आणि बापाचा हात थांबतो. तो काही बोलत नाही, फक्त गाठ मारत नाही. बाबल्या जाळ्याकडे बघतो, गिळतो, आणि म्हणतो, “कोयतो.” गाठ. दहा मिनिटांत ३० गाठी. आठवड्यातले पाच दिवस असं झालं तर १५०, आठ आठवड्यांत १,२००. ठरलेल्या बैठकांचे २४ वेळा ५०, म्हणजे आणखी १,२००. विल्यम्स यांनी सांगितलेला १,५०० चा आकडा कधीच मागे पडला.

ही दहा मिनिटं सोडून बाकी दिवसभर मुलाला टोकू नये. “तुर्ली इली” असं ओरडत तो आला तर “होय रे, केवढी मोठी कुर्ली इली!” एवढंच म्हणावं. बरोबर शब्द त्याच्या कानावर पडला, आनंदही मोडला नाही.

आणि चित्रांवरचे शब्द घरचे असावेत. बाहेरून आलेल्या थेरपिस्टला हे कळकळीने सांगायला हवं. ‘माका व्हया’ म्हणणारं मूल चुकत नाही, ते त्याच्या आईची भाषा बरोबर बोलतंय. ‘मला हवं’ हे त्याला शाळा शिकवील. ‘कोंबो’ला ‘कोंबडा’ करण्यात बैठकीचे प्रयत्न खर्ची घातले तर उच्चार तिथेच राहतो आणि वर मुलाला वाटतं की घरी बोलतात तेच मुळी चूक आहे. ‘क’ ‘कोंबो’तही तितकाच ‘क’ आहे.

बंदी उठली की काय? १ ऑगस्टनंतर वातावरण बघून नौका पाण्यात जातात. नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरात नारळ अर्पण होतो, चतुर्थी तोंडावर येते, बाप पुन्हा पहाटेच घराबाहेर. तेव्हा आठवड्याच्या तीन बैठका चालू ठेवायचा हट्ट धरू नये. दाट थेरपीनंतर काही आठवड्यांची उसंत उपचारातच धरलेली असते. त्या काळात नवा आवाज शिकवलेल्या शब्दांतून न शिकवलेल्या शब्दांत उतरतो की नाही, ते बघायचं. पंधरा दिवसांनी एक फोन, घरी आठवड्यातून दोनदा डबा उघडायचा, आणि दिवाळीच्या आधी एकदा प्रत्यक्ष मोजणी. चित्र न दाखवता बोललेल्या दहा ‘क’पैकी आठ बरोबर आले तर पुढचा आवाज घ्यायचा. पाचच आले तर आणखी काही आठवडे दाट.

मोजणीआधीच आईला एक खूण घरी दिसू शकते. थेरपिस्ट जिची सगळ्यात जास्त वाट बघते ती हीच. आई चुलीशी आहे, बाबल्या दारातून धावत येतो, “आये, आये, तुर्ली...” कुणी काही म्हणत नाही. कुणी त्याच्याकडे बघतही नाही. तो स्वतःच उंबऱ्यावर थबकतो. “तु... कुर्ली. कुर्ली इली गे!” हे दिवसातून चार-पाचदा व्हायला लागलं की त्याच संध्याकाळी थेरपिस्टला फोन करून सांगावं, आणि आता किती दिवसांनी आणू, असं विचारावं.